कोपऱ्यातली घरनावं

३ ऑक्टोबर, गुरुवार

वीस वर्षं मी माणसांना रोज तीनच गोष्टी सांगत आले आहे. श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा. आज मच्छीमार संघाच्या सभागृहात अठरा बायकांपुढे पाऊण तास बोलायचं होतं, आणि शेवटी मलाच कुणीतरी "सोडा" म्हणावंसं वाटत होतं.

किनाऱ्यावरच्या पाच इस्पितळांनी आपापल्याकडचे छातीचे स्कॅन एकत्र करायचे, विद्यापीठाने त्यावरून संगणकाला शिकवायचं, म्हणजे फुप्फुसातला डाग तिळाएवढा असतानाच त्याला ओळखता येईल. आमच्या किनोउराच्या इस्पितळात स्कॅन मी रोज काढते, पण ते वाचणारे डॉक्टर फक्त मंगळवारी येतात. बुधवारचा डाग सहा दिवस वाट बघतो. हे मी सांगितलं. मग मागून एकीने विचारलं, "आमची फुप्फुसं बघून त्या संगणकाला काय मिळणार गं? माशांचा धूर आणि नवऱ्याच्या सिगरेटी!"

"तेच तर हवंय," मी म्हणाले. हशा पिकला. त्यानंतर सोपं झालं.

तोमिए-आजी तेवढ्या हसल्या नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, सुकटीच्या शेडमधून थेट आलेल्या, अंगावर रबरी एप्रन तसाच. त्यांनी विचारलं, "नाव जाणार नाही ना?"

"नाही, आजी."

"जन्मतारीख?"

"नाही."

"घराचं काही?"

"काही नाही. प्रत्येक फाइल मी स्वतः तपासून पाठवते."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू म्हणतेस म्हणून," एवढंच म्हणाल्या आणि पिशवीतून नावाचा शिक्का काढून सहीऐवजी संमतीच्या कागदावर उमटवला. हामादा. अठरा कागद, त्यातले चौदा हामादा. उन्हाळ्यापासूनच्या सगळ्या संमती मिळून सहाशे बारा झाल्या.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सहाशे बारा जणांच्या फाइली गेल्या. विद्यापीठाने दिलेला प्रोग्रॅम प्रत्येक फाइलला जोडलेली माहिती पुसतो, नाव, नंबर, जन्मतारीख, आणि त्या जागी एक आकडा टाकतो. मी एकेका फाइलची माहिती उघडून पाहिली. सगळीकडे रिकामे चौकोन. डोळे दुखले, पण समाधान वाटलं. दिलेला शब्द पाळला.

विद्यापीठाकडून या फाइली स्वीकारणारे कुगा-सान म्हणून आहेत. पोहोच द्यायला त्यांनी फोन केला. ईमेल चाललं असतं. फार सावकाश बोलतात, जणू प्रत्येक शब्द आधी कापडाने पुसून घेतात. नुमाता (आमची नर्स, जिला दुसऱ्याचे फोन ऐकायचा छंद आहे) नंतर म्हणाली, "पोहोच द्यायला अकरा मिनिटं?"

"काटेकोर माणूस आहे," मी म्हणाले.

"हो का," ती म्हणाली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज एकाच वेळी दोन हामादा योशिए आल्या. वयं एकाहत्तर आणि बहात्तर. नेहमीप्रमाणे मी स्कॅनच्या सुरुवातीला जे आडवं मार्गदर्शक चित्र निघतं, त्याच्या कोपऱ्यात घरनाव टाइप केलं, एकीच्या "विहीरकाठचे", दुसरीच्या "लोहार".

हे मला इथले जुने तंत्रज्ञ मोरिवाकी-सान यांनी शिकवलं. ते निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली. माझ्या नोकरीच्या आधी इथे दोन हामादांचे एक्स-रे अदलाबदल झाले होते. ज्याला काही नव्हतं तो शहरात जाऊन पोट कापून आला, आणि ज्याला होतं तो घरीच राहिला. तेव्हापासून मोरिवाकी-सान म्हणायचे, "नंबर माणूस चुकवतो. घर चुकत नाही." निम्मं बंदर हामादा असल्यावर इथे आडनावाने कोण कुणाला ओळखतं? पोस्टमनसुद्धा घरनावानेच पत्रं टाकतो. वीस वर्षांत माझ्या हातून एकही अदलाबदल झालेली नाही. आपल्या कुठल्या गोष्टीचा अभिमान आहे असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कुगा-सानांचं ईमेल. हवामान, पानांचा रंग, माझी प्रकृती, आणि शेवटी: "चित्रांचे कोपरे सवड मिळाल्यास पुन्हा एकदा नजरेखालून घातलेत तर आभारी राहीन."

मी दहा-बारा स्कॅनमधले छातीचे पातळ काप उघडून पाहिले. फुप्फुसं कोपऱ्यापर्यंत पूर्ण आलेली आहेत, कुठे कापली गेलेली नाहीत. तसं कळवलं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा कुगा-सान. कामाचं झाल्यावर विचारलं, "तुमच्याकडे पूर्वी मिठाचा धंदा होता का हो?"

"होता," मी म्हणाले. "आमच्या आजोबांच्या वेळेपर्यंत. आता नुसती सुकट."

"अच्छा." मग कागद चाळल्याचा आवाज. "म्हणजे... मीठ काढणाऱ्यांची घरं अजून असतील."

"एकच घर उरलंय."

"एकच," ते म्हणाले. आवाज पडल्यासारखा वाटला. इतिहासाची आवड असावी. मी सुकटीचं एक पाकीट पाठवू का, विचारलं. "छे छे, तसा उद्देश नव्हता," असं तीनदा म्हणाले.

६ नोव्हेंबर, बुधवार

खेकड्यांचा हंगाम उघडला. पहाटे बंदरावर भोंगे. इस्पितळात कुणीच येत नाही, आजारी पडायला कुणाला सवड आहे?

कुगा-सानांनी आज विहिरींबद्दल विचारलं. गावात विहिरीच्या काठी राहणारे बरेच आहेत का? मी नुमाताला सांगितलं की बहुतेक ते सुट्टीत इकडे यायच्या विचारात आहेत आणि गावाची माहिती काढताहेत.

"विहिरी बघायला?" ती म्हणाली. "काजितानी-सान, तुम्ही खरंच छातीच्या आतलं सगळं बघता ना?"

१२ नोव्हेंबर, मंगळवार



आज मंगळवारचे डॉक्टर एक जुना स्कॅन उघडून बसले होते. मार्गदर्शक चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हे 'मीठवाले' काय आहे? धंद्यामुळे होणारा आजार?"

मी हसले. म्हणाले, "नाही, डॉक्टर, ते घरनाव..."

आणि तिथेच माझ्या लक्षात आलं.

प्रोग्रॅम फाइलला जोडलेली चिठ्ठी पुसतो. चित्रावरच जे लिहिलेलं आहे ते त्याच्या दृष्टीने चित्रच, हाड किंवा फुप्फुस असावं तसं. मी चिठ्ठ्या तपासल्या. सहाशे बारा चिठ्ठ्या. आणि कुगा-सानांनी कोपरे बघा म्हटल्यावरही मी काप तेवढे पाहिले, मार्गदर्शक चित्र एकही उघडलं नाही. त्यावर काय असतं ते मला पाठच होतं ना, म्हणून.

जेवायच्या सुट्टीत सगळे मोजले. एकशे त्रेचाळीस. जिथे एकसारखी नावं होती त्या सगळ्यांवर. किनोउराचा नकाशा ज्याच्याकडे आहे, त्याला एकेका फुप्फुसाचं दार सापडेल. आणि मीठवाल्यांचं तर घरच एक. घरात माणूसही एक, तोमिए-आजी.

१३ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर सेनोंना सांगितलं. आमचे मुख्य डॉक्टर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"विद्यापीठाला मी पत्र लिहितो. फाइली परत घेऊ, स्वच्छ करून पाठवू. ते आपलं कर्तव्य आहे."

"आणि गावाला?"

"काजितानी-सान, सध्या कुणाचं काही बिघडलेलं नाही. सांगितलं तर एकशे त्रेचाळीस घरं घाबरतील. सगळे कागद परत मागतील. पुढच्या वर्षीच्या तपासणीलाही येणार नाहीत. मग खरा डाग कोण शोधणार?"

ते चूक बोलत नव्हते. तीच तर पंचाईत आहे.

"विचार करा," ते म्हणाले. "तुम्ही जे ठरवाल त्यात मी आहे." दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "पण विचार करा."

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काल लिहिलं नाही. मनाशीच हिशेब मांडत होते. गप्प राहिले तर: फाइली बदलतील, संगणक शिकेल, बुधवारचा डाग बुधवारीच सापडेल, आणि तोमिए-आजी मला रस्त्यात भेटल्यावर मान लववतील. सांगितलं तर यातलं काहीच नक्की नाही.

तोमिए-आजींबद्दल गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणी बोलत नाही. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्या घरात क्षय होता. थोरला दीर गेला, मग सासू. मुलं त्या घरावरून जाताना श्वास रोखून पळायची. मी तीस-चाळीस वर्षांनंतरची, तरी आम्हीही पळायचो, का ते ठाऊक नसताना. माझ्याही छातीत मी तो श्वास धरून ठेवलेला आहे.

"तू म्हणतेस म्हणून," त्या म्हणाल्या होत्या. इस्पितळ म्हणतं म्हणून नाही.

मला त्यांचा राग नकोय म्हणून मी गप्प राहायचं म्हणते, की खरंच बाकीच्यांच्या भल्यासाठी? आज दिवसभर स्वतःला विचारलं. उत्तर जरा लाजिरवाणं आहे, म्हणून इथेही लिहीत नाही. उद्या जाते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

गेले.

आजी अंगणात स्क्विडची पोटं चिरून दोरीवर लावत होत्या. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. डोकं खाली ठेवूनच, त्यामुळे मला त्यांचे बूटच दिसत होते. कोपऱ्यात घरनाव लिहायची सवय, प्रोग्रॅम, मी काय तपासलं आणि काय नाही. "मी शब्द दिला होता, आणि तो मोडला," म्हणाले.

सुरी थांबली नव्हती. चर्र, चर्र. मग थांबली.

"मोरिवाकीची सवय ती," त्या म्हणाल्या.

"हो. पण लिहिलं मी."

"आत ये. चहा घे."

चहा झाला, मुळ्याचं लोणचं झालं. त्या काही बोलेनात. मला वाटलं, संपलं. शेवटी मी उठायला लागले तेव्हा म्हणाल्या, "बस. तुला कळलं कधी?"

"मंगळवारी."

"आज शनिवार." त्यांनी बोटांवर मोजलं. "चार दिवस. बरेच घेतलेस गं."

"घाबरले होते."

"कुणाला, मला?" आणि त्या हसल्या. पुढचे दोन दात नसल्यामुळे ते हसू लहान मुलीचं वाटतं. मग हसू गेलं. "त्या वेळी आरोग्य खात्याची माणसं आली होती. पांढरे झगे, तोंडाला फडकी. सगळं गाव बघत होतं आणि ते आमच्या दारात औषध फवारत होते. मी आत भात शिजवत होते. अठरा-एकोणीस वर्षांची. मला कुणी सांगितलंच नव्हतं, बाई. नवऱ्याला ठाऊक होतं, सासऱ्यांना, खात्याला. मला त्या वासाने कळलं." त्यांनी माझ्या कपात पुन्हा चहा ओतला. "गावाने पळ काढला त्याचं मला काही नाही. आपलंच घर, आणि सगळ्यांत शेवटी आपल्याला कळतं, ते मला सोसत नाही. आजपर्यंत त्या दारातून कुणी आधी सांगायला आलं नव्हतं."

मी मान खाली घालून कप उचलला.

"रडू नकोस, लोणचं खारट आहे तेवढं पुरे. माझं चित्र राहू दे त्या संगणकाकडे. घर तेवढं काढ. आणि बाकीच्या घरांना सांगणार आहेस का?"

"सांगावं लागेल."

"मग सोमवारनंतर जाऊ. मी येते बरोबर. मीठवाल्यांची म्हातारी दारात उभी राहिली की तुझ्यावर ओरडायची कुणाची हिंमत होते, बघू."

परत येताना त्यांच्या घरासमोर मी मुद्दाम उभी राहिले आणि पोटभर श्वास घेतला. नुसता मासळीचा वास. बाकी काही नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर सेनोंचं पत्र जायच्या आधी मी कुगा-सानांना फोन केला. पाठ केलेली माफी एका दमात म्हटली. पलीकडून एक लांब, लांब निःश्वास. फोनमध्ये वारा सुटल्यासारखा.

"काजितानी-सान," ते म्हणाले, "बरं झालं. फार बरं झालं."

त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं! माणसाच्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय एकही फाइल पुढे जात नाही, ते तपासणं त्यांचंच काम. आमच्या सगळ्याच्या सगळ्या फाइली त्यांनी ८ ऑक्टोबरलाच कुलपात बाजूला ठेवल्या. संशोधकांपैकी कुणी एक चित्रही पाहिलेलं नाही. कुणीही नाही. फक्त कुगा-सान.

"मग सांगितलं का नाही?"

"लेखी कळवलं तर ते 'इस्पितळाचा निष्काळजीपणा' या रकान्यात जातं. तुम्ही स्वतःहून कळवलंत तर 'दुरुस्ती'. म्हणून मी... सुचवत होतो. कोपऱ्यांबद्दल लिहिलं. मिठाबद्दल विचारलं. विहिरींबद्दल विचारलं."

"मला वाटलं तुम्हाला फिरायला यायचंय!"

"तुम्ही सुकट पाठवायला निघालात तेव्हा मी खचलो होतो," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात लोहारांबद्दल विचारणार होतो. त्यानंतर मात्र सरळ लिहावंच लागलं असतं. चूक माझीही आहे."

मी हसत सुटले. हसता हसता खाली बसले, क्ष-किरण खोलीच्या फरशीवर, शिशाच्या एप्रनला टेकून. सहा दिवस मी ज्या ओझ्याखाली चालत होते ते ओझं एक माणूस सहा आठवडे कुलपात घेऊन बसला होता, आणि मला हवामान विचारत होता. नुमाता धावत आली. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "कुणीच गेलं नाही. काहीच गेलं नाही."

२३ नोव्हेंबर, शनिवार

चार दिवसांत सदतीस घरं झाली. डॉक्टर सेनो कोटटाय घालून आले, प्रत्येक दारात कमरेत वाकले. त्यांची पाठ आता खरंच दुखते आहे. पुढे तोमिए-आजी. दार उघडलं की त्याच आधी बोलतात: "इस्पितळाने घोळ घातलाय. कुणी पाहिलं नाही, पण सांगायला आलेत. ऐकून घ्या."

लोहारांकडच्या योशिए म्हणाल्या, "म्हणजे माझं फुप्फुस विद्यापीठात जाऊन कुलपात बसलं होतं? मी अजून शहरसुद्धा नीट पाहिलं नाही!" उतारावरच्या एका म्हाताऱ्यांनी मात्र दारातच कागद परत मागितला. मी तिथल्या तिथे त्यांचं नाव यादीतून काढलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी मान हलवली, रागाने नाही. आतापर्यंत परत मागणारे दोन. डॉक्टर सेनो गाडीत म्हणाले, "मी शंभर धरले होते." खिडकीबाहेर बघत होते. "तुम्ही चारच दिवस घेतलेत. मी असतो तर कधीच गेलो नसतो."

विहीरकाठच्यांनी तोमिए-आजींना आत बोलावलं. साठ वर्षांत पहिल्यांदा, आजी म्हणाल्या, अगदी सहज, पायातले बूट काढता काढता.

३ डिसेंबर, मंगळवार

नव्या फाइली तयार. एकेक चित्र स्वतः उघडलं, चारही कोपरे. आता घरनाव चित्रावर नाही, माझ्या खणातल्या वहीत लिहायचं ठरलं आहे. नाव, नंबर आणि घर तिन्ही जुळल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही. मोरिवाकी-सानांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "वही ओली होऊ देऊ नकोस." ही त्यांची परवानगी.

कुगा-सान आज दुरुस्तीचे कागद घेऊन स्वतः आले. बसने अडीच तास. सोबत पेअरची पेटी. कागद पोस्टाने आले असते, पण काही लोकांचा पोस्टावर विश्वास नसतो. बंदरावरची जुनी विहीर बघायची आहे म्हणाले, म्हणून दाखवली. विहिरीत बघण्यासारखं काही नाही, तरी बराच वेळ उभे होते. परतीची बस चुकली, पुढची दोन तासांनी. नुमाता दुपारभर गुणगुणत होती. तिला पेअर फार आवडतात.

१० डिसेंबर, मंगळवार

आज वार्षिक तपासणीचा दिवस. बाहेरच्या बाकावर बायका ओळीने बसलेल्या, त्यांच्यात तोमिए-आजी, आज एप्रनशिवाय, केस विंचरून. काल माझ्या दाराशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुकट कुणी ठेवली ते त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

आता जपायचं, असं मी स्वतःला बजावलं होतं. चारचौघांत घराचं काही बोलायचं नाही. दार उघडून हळूच म्हणाले, "हामादा-सान, या."

सहा जणी उठल्या.

मी गडबडले. वहीत बघितलं. "हामादा... तोमिए-सान," आणखी हळू म्हणाले. पाच जणी बसल्या. आजी उभ्याच होत्या, पण येईनात. कमरेवर हात.

"हे काय कुजबुजतेस?" त्या म्हणाल्या, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "संगणकाला सांगू नको म्हटलं होतं. इथे कोण परकं आहे? नीट हाक मार."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"मीठवाल्यांच्या तोमिए-आजी!" मी म्हणाले, मोठ्याने.

"आले," त्या म्हणाल्या, आणि बाकावरच्या बायकांनी पाय आखडून त्यांना वाट दिली.

आत त्या टेबलावर आडव्या झाल्या. मी वही पाहिली, नंबर पाहिला, घर पाहिलं. काचेमागे गेले.

"श्वास घ्या. धरून ठेवा."

चित्र उमटलं. चारही कोपरे रिकामे.

"सोडा," मी म्हणाले, आणि दोघींनी सोडला.